हस्तलिखिताचा पहिला वाचक

आपल्याकडील टीकावाङ्मयांत छापलेल्या पुस्तकाच्या वाचकाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्याची अभिरुचि कशी घडते, ती कोणीं बिघडविली, तो काव्य सोडून कादंबरीकडे कां वळला व आतां कादंबरीही सोडून कोणीकडे चालला आहे, या प्रश्नांचा खल परिसंवादांतून वारंवार होत असतो. परंतु पुस्तक छापलें जाण्यापूर्वीं तें कोणीं वाचलें, काय म्हणून वाचलें, आणि त्या वाचनानें पुस्तकाचें बरें झालें कीं वाईट, याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. वास्तविक टीकेचा खरा उपयोग होण्याजोगी वेळ तीच. छापून, बांधून, दुकानांत येऊन बसलेल्या कादंबरीस तिचें आठवें प्रकरण सैल आहे असें सांगणें म्हणजे वरात निघाल्यावर नवऱ्या मुलाचें वय विचारण्यापैकींच होय.

यावर कोणी म्हणेल कीं, मराठी लेखक आपलें हस्तलिखित वडीलधाऱ्यांस दाखवितोच. दाखवितो खरा, पण बहुधा प्रस्तावनेसाठीं दाखवितो. प्रस्तावना मागणारास दोष नको असतात, मस्तकावर हात हवा असतो; आणि प्रस्तावना लिहिणारासही तें पक्कें ठाऊक असतें. मग 'लेखकापासून पुढें मोठ्या अपेक्षा आहेत' हें सुप्रसिद्ध वाक्य अवतरतें, ज्याचा सरळ अर्थ या पुस्तकानें त्या पुऱ्या केल्या नाहींत एवढाच असतो. पहिला वाचक आणि प्रस्तावनाकार या दोन व्यक्ति निरनिराळ्या आहेत, आणि एकाच्या जागीं दुसरा बसविल्यामुळें आमच्या कादंबरीचें नुकसान झालें आहे, असें आम्हांस वाटतें.

ही प्रथा पाश्चात्त्यांकडून शिकावी लागेल अशी समजूत असल्यास ती मात्र खोटी आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जो लीळाचरित्र, त्याची रचनाच मुळीं दुसऱ्याच्या कसोटीला लावून झालेली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या त्यांच्याकडे जाऊन मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. हें काम झालें तें रिद्धपुरास. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यांत गेलें म्हणजे लागणाऱ्या त्याच रिद्धपुरास, जेथें आतां मराठी भाषेचें विद्यापीठ स्थापन झालें आहे. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी गेली, आणि ज्यांनीं ती ऐकली होती त्यांच्या स्मरणांतून ग्रंथ पुन्हां उभा करावा लागला. म्हणून तर त्याचे अनेक पाठ झाले. ग्रंथाचे पहिले श्रोते हेच ग्रंथाचे तारक ठरल्याचें याहून ठळक उदाहरण आमच्या वाङ्मयांत नाहीं.

त्याच पंथांतील भास्करभट्ट बोरीकरांची हकीकत आमच्या विषयाशीं अधिकच निकटची आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं शिशुपाळवध हें हजारांहून अधिक ओव्यांचें काव्य रचलें आणि तें एका जाणत्या गुरुबंधूस दाखविलें. त्यानें दिलेला अभिप्राय मराठींतील पहिला नोंदलेला हस्तलिखित-अभिप्राय म्हणावयास हरकत नाहीं. ग्रंथ चांगला उतरला आहे, हें त्यानें मोकळेपणानें मान्य केलें. मात्र निवृत्तिमार्गाच्या माणसानें वाचावा असा तो नव्हे, असेंही सांगितलें. काव्यांत शृंगार फार झाला होता. भास्करभट्टांनीं यावर काय केलें? त्यांनीं शिशुपाळवध फाडलें नाहीं. त्यांतील शृंगार खरवडून काढून तें बेचवही केलें नाहीं. त्यांनीं उद्धवगीता हा दुसरा ग्रंथ लिहिला.

या लहानशा गोष्टींत शिकण्याजोगें बरेंच आहे. अभिप्राय देणाऱ्यानें गुण आणि योग्यता या दोन बाबी वेगळ्या ठेवल्या: ग्रंथ कसा झाला हें एक, आणि कोणासाठीं झाला हें दुसरें. आजचे नव्व्याण्णव टक्के अभिप्रायदाते या दोहोंची गल्लत करतात. स्वतःस जें रुचलें नाहीं तें साधलेंच नाहीं असें धरून चालतात. लेखकानेंही आपल्या परीनें तारतम्य राखलें. सल्ला ऐकला, पण तो जेथें लागू होता तेथेंच, म्हणजे पुढच्या ग्रंथांत, वापरला. आणि काळाचा निकाल पाहावा तर तो मोठा मौजेचा आहे. काव्य म्हणून रसिकांनीं जास्त उचलून धरलें तें शिशुपाळवधच. गुरुबंधू आपल्या पंथापुरता बरोबर होता, काव्यापुरता नव्हता.

नरेंद्रकवीच्या रुक्मिणीस्वयंवराची आख्यायिका याच्या दुसऱ्या टोकाची. देवगिरीच्या रामदेवराव यादवानें तें काव्य ऐकलें, त्याला तें फार आवडलें, आणि ओवीमागें सोनें देऊं करून तें आपल्या नांवावर करून मागितलें. कवीनें नकार दिला. पहिला वाचक जर विकत घेणारा असेल तर त्याची स्तुति कोठवर मोजावी, हें नरेंद्रास तेव्हां समजलें होतें. आमच्या आजच्या कित्येक लेखकांस तें पुरस्कार-समितीच्या दारांत उभें राहूनही समजत नाहीं.

कादंबरी आली आणि परिस्थिति पालटली. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० मध्यें करमणूक हें साप्ताहिक काढलें व 'पण लक्षांत कोण घेतो' त्यांतून क्रमशः प्रसिद्ध केली. अशा कादंबरीला पहिला वाचक नसतो; सारेच वाचक एकदम पहिले असतात, आणि पहिलें प्रकरण त्यांच्या हातीं पडतें तेव्हां शेवटचें अजून लेखकाच्याही हातीं आलेलें नसतें. हरिभाऊंच्या पाल्हाळाविषयीं टीकाकारांनीं पुष्कळ कागद खर्चीं घातला आहे, आणि 'आजच' व 'कर्मयोग' यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या ही गोष्टही सर्वश्रुत आहे. पण हा दोष केवळ प्रतिभेचा मानूं नये. आठवड्याच्या आठवड्याला छापखान्याचा मुलगा दाराशीं उभा असतां, पुरें हस्तलिखित कोणा जाणत्या मित्रापुढें ठेवून महिनाभर थांबण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. तरीसुद्धां यमूचें दुःख इतकें खरें उतरलें, यावरून त्या माणसाच्या आंतला वाचक केवढा सावध असला पाहिजे, हें ध्यानांत येतें.

पुढें हें काम संपादकांनीं अंगावर घेतलें. १९३३ ते १९८२ असें जवळजवळ अर्धें शतक चाललेल्या 'सत्यकथे'चें नांव या संदर्भांत प्रथम निघतें. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनीं हस्तलिखित वाचणें ही एक स्वतंत्र विद्या मानली. त्यांच्या चिकाटीनें कित्येक लेखक घडले, आणि त्यांच्या कसोटीनें दुखावलेल्यांनीं साठोत्तरी अनियतकालिकांतून त्यांच्यावर तोफाही डागल्या. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आम्हांस एवढेंच नोंदवावयाचें आहे कीं, एखाद्या भाषेंतील बहुतेक महत्त्वाचीं हस्तलिखितें दोन-चार डोळ्यांखालून जाऊं लागलीं म्हणजे त्या डोळ्यांना न दिसणारें जें असेल तें साहित्याबाहेर राहतें. मग ते डोळे कितीही निर्मळ असोत. आणि असे डोळे उरलेच नाहींत म्हणजे काय होतें तें आज आपण पाहतच आहों. पुष्कळ ठिकाणीं लेखक पैसे देतो, छापखाना छापतो, आणि मुद्रितशोधनाखेरीज पुस्तकाला वाचकाचा स्पर्श होत नाहीं. कधीं कधीं तेंही नाहीं.

पाश्चात्त्य वाङ्मयांत या पहिल्या वाचनाचे जे दाखले मिळतात ते केवळ अनुकरणासाठीं नव्हेत, सावधगिरीसाठींही पाहावे असे आहेत. १८४९ मध्यें फ्लोबेरनें 'सेंट अँटनीचा मोह' ही आपली कृति बुइये व दु कां या दोघां मित्रांस चार दिवस, रोजचे आठ तास याप्रमाणें मोठ्यानें वाचून दाखविली. मध्यें एक अक्षर बोलावयाचें नाहीं अशी अट होती. वाचन संपल्यावर मित्रांनीं सांगितलें कीं, हें अग्नींत टाक आणि पुन्हां याचें नांव काढूं नकोस. त्या कठोर निकालानंतर फ्लोबेर साध्या, खेडेगांवच्या विषयाकडे वळला व 'मादाम बोव्हारी' जन्मास आली, एवढी गोष्ट आमच्या वर्गांतून नेहमीं सांगितली जाते. पुढची सांगितली जात नाहीं. १८५६ मध्यें तीच 'मादाम बोव्हारी' ज्या मासिकांतून प्रसिद्ध झाली त्याच्या चालकांत हेच दु कां होते, आणि त्या मासिकानें तिच्यांतले उतारे गाळून फ्लोबेरचा संताप ओढवून घेतला. मित्र म्हणून जो माणूस निर्भय होता तोच चालक झाल्यावर भित्रा ठरला. आणि अग्नींत टाकावयाची ती कृति? फ्लोबेरनें ती जपून ठेवली, दोनदां नव्यानें लिहिली व १८७४ मध्यें छापली.

थॉमस हार्डीची गोष्ट थोडी हास्यकारक आहे. त्याच्या पहिल्या कादंबरीचें हस्तलिखित १८६९ मध्यें जॉर्ज मेरेडिथनें एका प्रकाशकासाठीं वाचलें आणि तरुण लेखकास सल्ला दिला कीं, सामाजिक टीका जरा आवरावी व कथानकांत अधिक गुंतागुंत आणावी. हार्डी आज्ञाधारक निघाला. १८७१ मध्यें त्याची जी कादंबरी बाहेर आली तींत खून, गुप्त विवाह, आग व ओळखींचे घोटाळे यांची एवढी दाटी आहे कीं, मेरेडिथनेंही कपाळास हात लावला असता. सल्ला चुकीचा नव्हता. तो किती घ्यावयाचा तें माप मात्र सल्ल्याबरोबर कधीं मिळत नाहीं. डिकन्सनें १८६१ मध्यें बुल्वर-लिटनच्या आग्रहावरून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बदलून नायक-नायिकेस पुन्हां एकत्र आणलें. मूळचा उदास शेवट पुढें त्याच्या चरित्रकारानें छापला, आणि तेव्हांपासून जाणत्या वाचकांचा मोठा वर्ग त्या मूळ शेवटाचाच कैवार घेत आला आहे. आम्हीही त्याच पक्षाचे. लिटन स्वतः लोकप्रिय कादंबरीकार होता आणि लोकांस काय आवडेल हें त्यास चांगलें कळत होतें. अडचण हीच होती.

हा सर्व विचार आम्हांस नव्यानें करावा लागला तो एका हस्तलिखितामुळें. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांतील रोहणा या गांवच्या एका शेतकरी लेखकानें आपली पहिली कादंबरी आमच्याकडे पाठविली. पुस्तक अद्याप अप्रसिद्ध असल्यामुळें त्याचें व लेखकाचें नांव आम्ही देत नाहीं. रोहणा म्हणजे काळ्या मातीचा, कापूस-तुरीचा मुलूख; पुलगांवाहून आर्वीस जाणारी छोटी आगगाडी याच भागांतून धांवत असे, ती आतां बंद पडली आहे. कादंबरीचा नायक एक सालदार आहे. दिवाळीच्या सुमारास तो मालकाचें काम सोडतो, बायकोसह पुलगांवास जातो, आणि उरलेली कादंबरी त्या शहरवस्तींत घडते.

आमच्याकडे येण्यापूर्वीं हस्तलिखित चौघांकडे जाऊन आलें होतें, आणि त्या चौघांच्या वाचनांतील फरक हाच आमच्या दृष्टीनें या लेखाचा खरा विषय आहे. दोन अभिप्राय शहरांतील. पहिल्या वाचकानें समासांत खुणा केल्या होत्या: 'वावर' नको, 'शेत' म्हणा; 'मले' नको, 'मला' म्हणा; 'डवरणी' वाचकांस कळणार नाहीं. दुसरे गृहस्थ याच्या अगदीं उलट. त्यांना बोली फार गोड वाटली, ती आणखी हवी होती. निवेदनही सगळें बोलींत करावें, शेवटीं शब्दकोश जोडावा, आणि पोळा, दंडार वगैरेंचीं वर्णनें वाढवावींत, अशी त्यांची सूचना. वरवर पाहतां हे दोघे एकमेकांचे विरोधक दिसतात. आमच्या मतें दोघेही एकाच गाडीनें आलेले पाहुणे आहेत. एकाला घर झाडून स्वच्छ केलेलें हवें, दुसऱ्याला भिंतीवर मुद्दाम टांगलेलें सूप हवें. घरांत राहणाऱ्या माणसांकडे दोघांचीही नजर नाहीं. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० मध्यें आली. तिच्यांतील माणसें वऱ्हाडींत बोलतात, आणि कौतिकचें हाल समजण्यासाठीं पुण्या-मुंबईच्या वाचकाला कोश उघडावा लागल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. 'वावर' हा शब्द सालदाराच्या तोंडीं असो कीं निवेदकाच्या, निवेदक जर वावरांत उभा असेल तर तोच शब्द खरा. तो जर प्राध्यापकाच्या खुर्चींत बसून सांगत असेल तर मात्र 'शेत' म्हटलेलें बरें. आणि रोहण्याच्या लेखकाचा निवेदक कांहीं पानांवर वावरांत असतो तर कांहींवर खुर्चींत, ही त्या हस्तलिखिताची खरी उणीव, जी दोघांपैकीं एकाच्याही ध्यानांत आली नाहीं.

तिसरा वाचक गांवचाच एक वृद्ध शेतकरी. वाचक म्हणण्यापेक्षां श्रोता म्हणावें; लेखकानें त्यास चार संध्याकाळीं प्रकरणें वाचून दाखविलीं. सातवें प्रकरण संपल्यावर त्यानें विचारलें, "पाडव्याच्या आंधी सालदार सुटलाच कसा? उचल कोनं फेडली त्याची?"

ज्यांस या भागाची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. सालदाराचें साल गुढीपाडव्यास लागतें व पुढच्या पाडव्यास सरतें. साल ठरतांना तो मालकाकडून रकमेची उचल घेतो आणि वर्षभराच्या कामांतून ती फेडतो. मध्येंच काम सोडावयाचें तर उचलेचा हिशोब पुरा केला पाहिजे. लेखक शेतकरी, हें सारें त्यास पाठ. पण कथानकाच्या ओघांत नायकाला दिवाळींत शहरांत पोंचविण्याची घाई झाली आणि हिशोब राहून गेला. शहरच्या दोघां वाचकांस हा प्रश्न सुचणें शक्य नव्हतें, आणि आम्हांसारख्या प्राध्यापकास तर नाहींच. आम्हीं त्या प्रकरणांत वास्तववाद शोधीत बसलों असतों. त्या म्हाताऱ्यानें साहित्यशास्त्रांतील एकही संज्ञा न उच्चारतां कादंबरीच्या मर्मावर बोट ठेवलें. कारण त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां लेखकाला कळून आलें कीं, अशा घरांत विकण्याजोगी वस्तु एकच, बायकोच्या गळ्यांतलें डोरलें. तिसऱ्या प्रकरणांत त्या डोरल्याचा उल्लेख सहज, वर्णनाच्या भरांत, होऊन गेला होता. तें आतां मोडलें गेलें. जी स्त्री तोंवर नवऱ्याच्या मागून चालणारी केवळ सांवली होती ती या एका व्यवहारानें कादंबरीच्या मध्यभागीं आली. कारण शहरांत जाण्याची किंमत तिनें दिली होती, आणि हें दोघांनाही ठाऊक होतें.

याचा अर्थ गांवचा श्रोता हाच परमन्यायाधीश, असा कोणी काढूं नये. त्याच्याही मर्यादा आहेत. पहिली ही कीं, तो पात्रांत माणसें ओळखूं लागतो: हा सावकार म्हणजे अमक्याचा बाप, ही विहीर म्हणजे तमक्यांची. त्यांतून कधीं करमणूक होते, कधीं वैर. १९३३ मध्यें 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या टोपण नांवानें आलें तेव्हां केवढें काहूर उठलें व ती बाई कोण याचा केवढा शोध चालला, हें प्रसिद्धच आहे. शहरांत जर ही अवस्था, तर जेथें प्रत्येक घराचें दार प्रत्येकास ठाऊक तेथें लेखकानें काय करावें? दुसरी मर्यादा, श्रोत्याला न्याय हवा असतो. त्या म्हाताऱ्यास मालकाचें शेवटीं कांहींतरी वाईट झालेलें पाहिजे होतें. लेखकानें तें केलें नाहीं, आणि बरें केलें. तिसरी मर्यादा वाचून दाखविण्याचीच आहे. कानाला संवाद व घटना लवकर पटतात. मनांतल्या मनांत चाललेला विचार कानावरून वाहून जातो. नायक रात्रीं एकटा बसून विचार करतो त्या पानांवर श्रोता पेंगला, म्हणून लेखक तीं पानें गाळावयास निघाला होता. तीं डोळ्यांनीं वाचण्याचीं पानें आहेत, असें आम्हीं कळविलें.

चौथा अभिप्राय लेखकाच्या थोरल्या बहिणीचा. ती नवें प्रकरण वाचणार आहे हें लेखकाच्या गांवींही नव्हतें; बहीण ही वाचक असूं शकते हेंच मुळीं आमच्याकडे पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. डोरलें मोडल्यावर ती स्त्री चुलीपुढें बसून रडते, असें लेखकानें लिहिलें होतें. बहिणीनें म्हटलें कीं, रडेल ती मागाहून. आधीं गळ्यांत काय घालावयाचें याची तिला पंचाईत पडेल, मोकळ्या गळ्यानें ती पाण्याला जाणार कशी? एखाद्या बाजाराच्या दिवशीं काळ्या मण्यांची पोत आणावी लागेल, आणि तिचे पैसेही कोणाकडून तरी मागावे लागतील. कादंबरींतील करुणरसाविषयीं यापेक्षां नेमकी सूचना आम्हांस तरी देतां आली नसती.

असे वाचक मिळवावे कसे, हा व्यावहारिक प्रश्न उरतो. हल्लीं हस्तलिखित बहुधा मोबाईलवरून जातें; पन्नास जणांस पाठवावें, तर चाळिसांकडून उभा अंगठा येतो, नवांकडून 'छान' येतें, आणि दहावा आपली स्वतःची कादंबरी उलट टपालीं धाडतो. पन्नासांपेक्षां तिघे बरे, आणि त्या तिघांशीं समोरासमोर बसावें. त्यांस 'कशी वाटली?' असें मुळींच विचारूं नये. या प्रश्नास आमच्या समाजांत एकच सभ्य उत्तर आहे. वाचन कोठें थांबविलें, कोणत्या माणसाचें नांव विसरलें, कोठें पान उलटून मागें जावें लागलें, हें विचारावें. वेळही पाहिली पाहिजे. कापूस वेचणीला आला असतां रोहण्याच्या माणसापुढें तीनशें पानें ठेवणें हा त्याच्यावर अन्याय, आणि पानांवरही. चैत्र-वैशाखांत वावरें मोकळीं असतात, रात्रीं अंगणांत बाजा पडतात. ऐकणाराला उसंत असते. १९६९ मध्यें व पुन्हां २०२३ मध्यें वर्धा शहरीं साहित्यसंमेलन भरलें. तेथें व्यासपीठें होतीं, ग्रंथांचीं दुकानें होतीं. अपुऱ्या प्रकरणासाठीं एक श्रोता मात्र असल्या मांडवांत सांपडावयाचा नाहीं. तो शेजारच्या अंगणांतूनच उठवून आणावा लागतो.

शक्य असल्यास तिघांपैकीं एक जण लेखकावर फारशी माया नसलेला असावा. वैरी नको, वैऱ्याचा अभिप्राय प्रस्तावनेइतकाच निरुपयोगी. ज्याला लेखकाचें सुखदुःख नाहीं पण कादंबरी वाचण्याची खोड आहे, असा गांवांत एखादा तरी असतोच, मग तो वाचनालयाचा कारकून असो कीं पोस्टांतला माणूस.

रोहण्याचें हस्तलिखित या आठवड्यांत दुसऱ्यांदां आमच्याकडे आलें. सातवें प्रकरण आतां दोन प्रकरणांत विभागलें आहे, काळी पोत नवव्यांत आली आहे, आणि तिच्या पैशांसाठीं ती स्त्री ज्या घरीं जाते त्या घराचें वर्णन आम्हांस या कादंबरींतील सर्वांत उत्तम पान वाटलें. निवेदक अद्याप दोन ठिकाणीं खुर्चींत जाऊन बसतो. तेथें आम्हीं खुणा केल्या आहेत, आणि पुलगांवच्या प्रकरणांसाठीं पुलगांवांतच मजुरी केलेला कोणी श्रोता पाहावा असें लेखकास लिहिलें आहे.